ढोरांच्या वाटांचा नकाशा

माझे बाबा गावचे ढोरकी. रोज सकाळी गावभरची गुरं गोळा करून टेकडीवर चारायला न्यायची, हाच त्यांचा जन्मभराचा धंदा. त्या टेकडीवर गावाला चराईचा हक्क मिळावा म्हणून आम्ही सरकारकडे दावा टाकला. दाव्याचं काम पाहणारे सायेब म्हणाले, नकाशा आणा आणि गुरं खरंच तिथं चरतात याचा पुरावा दाखवा. हक्क नाही लागला तर टेकडीला तारेचं कुंपण पडणार होतं. मग गुरं न्यायची कुठं? बाबांचं जेवणावरून मनच उडालं होतं.

मी यवतमाळला शिकलेली, म्हणून नकाशाचं काम माझ्याकडे. सरकारी नकाशाचा मोठा कागद आणून ओसरीवर पसरला. टेकडीच्या जागी बारीक तपकिरी रेघा, एकीवर एक, वळत वळत गेलेल्या. बाबांनी ओणवं होऊन त्यांवर बोट फिरवलं आणि एकदम ओरडले, "अवं माय! ह्या तं आपल्या ढोरायच्या वाटा! सरकारनं आधीच काहाडून ठेवल्या!"

काय चेहरा फुलला होता त्यांचा! आणि मी मेली हुशार, लगेच शिकवायला बसले. "वाटा नाहीत बाबा, उंचीच्या रेघा आहेत त्या. एका रेघेवर सगळीकडे उंची सारखी. ढोरांचं काहीच नाही यात."

"आपलं काहीच नाही?" एवढंच म्हणून ते उठले. माझ्या जिभेला काही हाड?

पाहणीला सायेब आले तेव्हा उन्हाळ्यानं गवत करपलं होतं. नाल्याच्या अलीकडून समोर पाहिलं आणि मी थक्क झाले. जन्म गेला टेकडी पाहण्यात, पण अशी कधी दिसलीच नव्हती. पायथ्यापासून माथ्यापर्यंत खुरांनी घासलेल्या आडव्या वाटा! गाय चढावर सरळ चढत नाही, उंची राखून आडवी चालते. नकाशा डोळ्यांसमोर धरला, तर तीच वळणं. बाप रे! मोजणी करणाऱ्यांनी दुर्बिणी लावून जे काढलं, तेच आमच्या गुरांनी नुसत्या पायांनी काढून ठेवलं होतं. अंगावर सर्रकन काटा आला.

मी सायबांना दाखवलं. त्यांनी नकाशा हातात घेऊन टेकडीशी ताडून पाहिला. मग पेन्सिलीनं नकाशावर एक तुटक रेघ ओढून शेजारी काहीतरी लिहिलं.

"काय लिवलं?" बाबांनी मला विचारलं.

"गुरांची वाट."

"एकच काहून? सगळ्या काहाडा म्हणा. बसा सायेब, मी सांगतो."

आणि सायेब खरंच मातीत मांडी घालून बसले.