ड्रायव्हर सापडत नाही

माझा जगात कोणावरही विश्वास नाही, आणि घरच्यांनी हे एव्हाना प्रेमानं मान्य केलेलं आहे. इस्त्रीवाल्याकडून शर्ट आला की मी आधी बटणं तपासतो. लिफ्टमध्ये कोणा अनोळखी माणसानं "कितवा मजला?" विचारलं की एक मजला अलीकडचा सांगतो आणि उरलेला जिना चढून जातो.

त्यामुळे ऑफिसच्या लॅपटॉपवर चहा सांडला तेव्हा मी तो ऑफिसात दाखवला नाही, यात नवल ते काय! आयटीवाल्यांना आपल्या फायली चाळायला निमित्तच हवं असतं (असा माझा संशय). मी तो गुपचूप डोंबिवली स्टेशनजवळच्या एका दुकानात दिला. दुकानदारानं कीबोर्ड बदलला, सगळं पुसून विंडोज नव्यानं टाकलं आणि परत देताना म्हणाला, "साहेब, ड्रायव्हर तेवढे, म्हणजे ते आतले छोटे प्रोग्राम हो, ऑफिसकडून टाकून घ्या हां."

म्हणजे अर्धवट काम करून पुन्हा दुकानात बोलावायचा डाव! मी काही न विचारता घरी आलो.

दुसऱ्याच दिवशी अकरा वाजता माझी मुलाखत होती. आमच्या माजिवड्याच्या ऑफिसात मॅनेजरची जागा रिकामी झाली होती आणि मोठे साहेब व्हिडिओवर मला आणि सावंतला एकत्रच प्रश्न विचारणार होते. जागा मिळाली की ऑफिसची गाडी मिळणार, आणि गाडीला ड्रायव्हर! माझे वडील, म्हणजे दादा, हे अख्ख्या सोसायटीला सांगून मोकळे झाले होते. अडथळा एकच, सावंत. हा माणूस मला रोज हसून गुड मॉर्निंग म्हणतो. उगाच कोणी हसतं का?

साडेदहाला लॅपटॉप उघडला. कॅमेरा सापडत नाही. माईक सापडत नाही. लॅपटॉपच्या भागांच्या यादीत बघावं तिथे पिवळे त्रिकोण!

"सुजाता!" मी बायकोला हाक मारली. "त्या दुकानदारानं कॅमेरा काढून घेतला!"

"अहो, हा काय, दिसतोय की काचेमागे."

"डुप्लिकेट बसवलाय!"

"आणि माईक?"

"तो तर दिसतही नाही. म्हणजे नेलाच!"

मी लॅपटॉप उलटा करून स्क्रू बघितले. एकावर चक्क ओरखडा होता. पुरावा! (दुकानात लॅपटॉप बदलला तर ओळखता यावा म्हणून तो ओरखडा मीच सुरीनं पाडलेला, हे नंतर आठवलं.)

शेवटी नाक मुठीत धरून ऑफिसच्या आयटीतल्या रुपालीला फोन लावला. दोन्ही हातांत लॅपटॉप, म्हणून फोन स्पीकरवर.

"सर, चोरीबिरी काही नाही," ती म्हणाली. "तुमचे ड्रायव्हर मिसिंग आहेत. मी पाठवते ना इथून, दहा-पंधरा मिनिटांत येतील. मीटिंगपण मीच जोडून ठेवते. तुम्ही फक्त लॅपटॉपला हात लावू नका, प्लीज."

सोफ्यावर पेपर वाचत बसलेल्या दादांनी चष्मा वर केला. "ड्रायव्हर पाठवतायत?"

"हो, येतायत," मी म्हटलं. माझं लक्ष पडद्यावर होतं. तिथे रुपाली ऑफिसातून हलवत असलेला बाण आपोआप फिरत होता आणि माझ्या फायलींच्या फारच जवळून जात होता. दादा चपला घालून खाली गेले. मला वाटलं, भाजीला गेले असतील.

थोड्या वेळानं बेल वाजली. दारात दादा, आणि त्यांनी दंडाला धरून आणलेला एक तरुण.

"संजू, आला बघ! खाली गाडीपाशीच उभा होता. कामाला पक्का दिसतोय!"

मी समजलो, रुपालीनं माणूसच पाठवला. "या, या. लॅपटॉप तिथे टेबलावर आहे."

तो गोंधळून म्हणाला, "सर, आधी ओटीपी सांगा ना. पुढे शीळफाट्याला लय ट्रॅफिक..."

'ओटीपी' ऐकलं आणि पुढचं मला काहीही ऐकू आलं नाही.

"सुजाता, दार लाव! आता हे लोक फोनपण करत नाहीत, थेट घरी येतात!" मी कोपऱ्यातला झाडू उचलला.

"अरे, दे ना त्याला काय हवंय ते!" दादा ओरडले. "आपलाच माणूस आहे. साहेब झाला म्हणून ड्रायव्हरशी असं वागायचं?"

"कसला ड्रायव्हर? हा चोर आहे! बोल रे, सावंतनं पाठवलं ना तुला?"

"कोण सावंत? ओ काका, मी शहाडला राहतो!"

"सावंत एक नंबरचा लबाड! आणि त्या मोठ्या साहेबाला तरी माणसं कुठे कळतात!"

तेवढ्यात सुजातानं लावलेलं दार धाडधाड वाजलं. तिनं उघडलं तर वरच्या मजल्यावरच्या फणसे काकू, खांद्याला पर्स, हातात मोबाईल.

"माझा ड्रायव्हर कुणी वर नेला हो? मी गाडी बुक करून ओटीपी घेऊन खाली उभी आहे केव्हाची!"

दादांनी त्या तरुणाचा दंड सोडला. इतक्यात टेबलावरून रुपालीचा बारीक आवाज आला.

"सर, ड्रायव्हर आलेत. कॅमेरा, माईक, सगळं चालू आहे. साहेब मघाशीच आलेत. सावंत सरपण."

मी वळून पाहिलं. पडद्यावर तीन चेहरे होते आणि चौथ्या चौकोनात झाडू घेतलेला मी.

"नमस्कार," मोठे साहेब म्हणाले. "झाडू खाली ठेवलात तरी चालेल."

जागा सावंतला मिळाली. खूप वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू! दादा तर आठवडाभर फणसे काकूंना चुकवून जिन्यानं ये-जा करत होते. आता सावंत रोज संध्याकाळी बसस्टॉपसमोर गाडी थांबवतो, काच खाली करतो आणि हसून म्हणतो, "चला, डोंबिवलीपर्यंत सोडतो."

उगाच कोणी सोडतं का? मी हात जोडून नको म्हणतो आणि बसची वाट बघत उभा राहतो, काखेत लॅपटॉप घट्ट धरून. त्यात डझनभर ड्रायव्हर आहेत. एकालाही गाडी चालवता येत नाही!