नाईक गौतमच्या तीनशे बैठका

माझी शेवटची पोस्टिंग लातूरला, एनसीसी बटालियनमध्ये. हुद्दा हवालदार, काम पीटी इन्स्ट्रक्टर. गाव उदगीर, म्हणजे घर जवळ. सकाळी साडेपाचला ग्राउंड, आठला नाश्ता, नऊला कॅडेट्सचा क्लास. फळ्यावर हाताचं चित्र काढून सांगायचो, "स्नायू फक्त ओढतो, ढकलत नाही. पुढचा ओढला की कोपर वाकतं, मागचा ओढला की सरळ होतं." पोरं माना डोलवायची. मला वाटायचं, आपल्याला सगळं कळतं.

स्वभाव मात्र पहिल्यापासून संशयी. टेस्ट जवळ आली की सिक रिपोर्ट, म्हणजे आजाऱ्यांची यादी, लांबतेच. कुणाचा गुडघा, कुणाची कंबर. खोटा ओळखायची आमची एक रीत होती. लंगडणाऱ्याकडे पाठ करायची आणि जरा वेळानं ओरडायचं, "चाय तैयार!" जो तरातरा चालत आला, तो नाटकी. असे कितीतरी बहाद्दर मी पकडले होते. त्याची मला लई घमेंड होती.

गौतम भोकर तालुक्यातला, आमच्याच स्टाफवर, हुद्द्यानं नाईक, माझ्या खालोखाल. कमी बोलणारा, सरळ माणूस. उन्हाळ्यात सुट्टीवर गेला आणि दोन दिवस उशिरा, सोमवारी हजर झाला.

"ताप होता, उस्ताद."

"डॉक्टरची चिठ्ठी?"

"न्हाई. घरीच गोळ्या घेतल्या."

गुरुवारी बीपीईटी होती, फौजेची दमाची परीक्षा. पाठीवर सामानानं भरलेला पिट्टू, हातात रायफल, पाच किलोमीटर धाव. टेस्टच्याच आठवड्यात ताप? माझं डोकं सणकलं. त्याच संध्याकाळी पाच वाजता, ऊन अजून भाजून काढत असताना, सगळ्यांसमोर त्याला तीनशे बैठका मारायला लावल्या. दोनशेनंतर त्याचे पाय थरथरायला लागले. "उस्ताद, अंगात दम न्हाई," तो म्हणाला. मी मोजत राहिलो. त्यानं तीनशे पुऱ्या केल्या.

बुधवारी सकाळी तो भिंत धरून चालत आला.

"मांड्या दगड झाल्यात. आन् लघवी कोऱ्या चहासारखी होऊन राहिली."

"बीट खाल्लं असशील."

"न्हाई उस्ताद."

मला वाटलं, सुट्टीत कसलीतरी दारू ढोसून आला असेल, नाहीतर ताकदीच्या पावडरी. मी पाठ फिरवली. दहा मिनिटांनी ओरडलो, "चाय तैयार!" गौतम उठला आणि सरळ चालत आला. लंगडला नाही, भिंत धरली नाही. मी खूश झालो. त्याच्या कपाळावर घाम होता, ओठ दातांखाली धरला होता, ते मी बघितलं. पण चोरी पकडली गेली म्हणून घाम फुटला, असा अर्थ लावला. त्यालाही आमची रीत ठाऊक होती. कामचुकार म्हणवून घ्यायला नको, म्हणून तो दुखणं गिळून चालला होता. हे मला नंतर सुचलं.

मी त्याचं नाव सिक रिपोर्टवरून काढलं.

गुरुवारी सहाला धाव सुरू झाली. सहा वाजून बावीस मिनिटांनी वॉकीटॉकीवर आवाज आला.

"उस्ताद, गौतम गिर गया. ओव्हर."

"उठाओ उसको. ओव्हर."

"नहीं उठ रहा. पैर अकड़ गए हैं."

जिप्सीत घालून हॉस्पिटलला नेलं. शनिवारी दुपारी गौतम गेला. वय एकतीस.

तिथल्या डॉक्टरीणबाईंनी मला व्हरांड्यात बसवून समजावलं. त्या म्हणाल्या, स्नायूला ओढायला ताकद लागते, तशी सोडायलाही लागते. ती संपली की तो आखडतो. बैठकीत खाली जाताना मांडीचा स्नायू ताणला जात असतो आणि तेव्हाच वजन पेलत असतो. सगळ्यात जास्त तो तिथंच फाटतो. तापातून उठलेला माणूस, वरून ऊन. फाटलेल्या स्नायूतला मालमसाला रक्तात उतरतो, लघवी काळी होते, किडन्या तुंबतात. रक्तात पोटॅशियम वाढतं आणि काळीज बंद पडतं. काळीज म्हणजे तरी काय, स्नायूच.

"बुधवारी आणलं असतं तर?" मी विचारलं.

"सलाईन लावून बहुतेक वाचवला असता."

वीस वर्षं मी स्नायू शिकवत होतो. लाज वाटली स्वतःची.

कोर्ट ऑफ इन्क्वायरी, म्हणजे फौजेची चौकशी बसली. आदल्या दिवशी आमच्या बटालियनचे सुभेदार साब हळूच म्हणाले, "गौतम कुछ नहीं बोला, इतकंच सांग. पेन्शनला दीड वर्ष राहिलंय तुझं." मला वाटलं, हे मला वाचवतायत की युनिटला? तेव्हासुद्धा संशयच.

चौकशीला बसलेल्या कर्नल साबनी विचारलं, "उसने बताया था?"

"जी साब. बताया था. मैंने माना नहीं."

शिक्षा व्हायची ती झाली.

महिन्याभरानं भोकरकडं गेलो. गौतमचे वडील अंगणात बाजेवर बसले होते. पाणी दिलं. मग म्हणाले, "साहेब, गावात लोक बोलून राहिले. पोरगं पळायला भ्यालं, नाटक करता करता मेलं. एकच सांगा. खोटं बोलला का माझा गौतम?"

"न्हाई बाबा. खरं बोलत होता. मीच खोटा ठरवला."

त्यांनी बाजेला टेकवलेली काठी हातात घेतली. मला वाटलं, आता मारतील. त्यांनी मारावं, असंही वाटलं.

"मला एकट्याला सांगून काय उपयोग," ते म्हणाले, आणि उठून त्यांनी गल्लीला हाका मारल्या.

पंधरा-वीस माणसं जमली. गौतमची बायको दारात येऊन उभी राहिली. मी सावधानमध्ये उभा राहून बोललो, "नाईक गौतम आजारी होता. त्यानं मला दोनदा सांगितलं. मी ऐकलं नाही, आणि तो माझ्यामुळं गेला."

म्हातारा एकेकाच्या तोंडाकडं बघत म्हणाला, "ऐकलं न सगळ्यांनी?"