तिचा नेम धरून होईपर्यंत

देवराव गेला त्याच्या आदल्या दिवशी मी लोहाऱ्याला त्याच्याच घरी होते. माझा धाकटा भाऊ, पोलिसातून निवृत्त झालेला. खाटेवरून त्यानं विचारलं, "बाई, ती दिसली का?" ती म्हणजे युक्रेनची पिस्तूल नेमबाज. मोबाईलवर कुठलीशी स्पर्धा चालू होती. मी पाहिलं. "नाही दिसली. झोप आता." खोटं बोलून धीर देणं मला जमत नाही. तो कुशीवर वळला... सकाळी उठलाच नाही.

पोलिसांच्या संघातून तो नेमबाजी करायचा. एकदा दिल्लीला मोठी स्पर्धा पाहायला गेला, तिथं त्यानं तिला पाहिलं. कोवळी पोरगी, आणि जिंकून गेली. तेव्हापासून तिची सुवर्णपदकं, तिची हुकलेली पदकं, सगळं त्याला पाठ. बाळंतपणानंतर लोक म्हणाले, संपली आता. ती परत आली आणि पहिली आली. त्या दिवशी यानं आळीत पेढे वाटले. तिच्या देशात म्हणे चौकाचौकांत तिचे फोटो लागत. ते मी पाहिले नाहीत. लोहाऱ्यात लागलेला पाहिला. निवृत्तीनंतर यानं टिनाच्या शेडात पोरींना छऱ्याचं पिस्तूल शिकवायला घेतलं, तिथल्या भिंतीवर. पोरी तिला युक्रेनवाली ताई म्हणत. नेम धरताना ती डावा हात खिशात ठेवते, तर या पोरींनाही तसंच पाहिजे. सलवारीला खिसे कुठले? मीच शिवून दिले.

तिचा सामना लागला की घरातला पंखा बंद, कुकर बंद, बोलणं बंद. मी एकदा म्हटलं, "तिले काय तुह्या पंख्याचा वारा लागते?" तर म्हणाला, "चूप राह्य, बाई. नेम धरून राह्यली ते."

मग तिकडे लढाई पेटली आणि ती दिसेनाशी झाली. देवराव जेवता जेवता उठे, मोबाईल पाही, परत बसे. जिवंत आहे की नाही, एवढंच त्याला कळायला हवं होतं. मी चिडले, "सख्ख्या बहिणीचा गुडघा कसा हाये, इचारलं का कधी?"

"तुह्या गुडघ्यावर बॉम्ब पडून राह्यले का?"

तेरवी झाली तरी मी तिथंच राहिले. एका जागी बसवत नव्हतं. अंगण झाडायचे, पुन्हा झाडायचे, मध्येच त्याचा मोबाईल उघडून पाहायचे. परवा दुपारी उघडला आणि ती उभी होती. वाळलेली, कानाजवळ केस पांढरे, डावा हात खिशात. हात वर गेला...

माझी भावजय कमल आतून ओरडली, "बाई, पंखा काहून बंद केला? उकाड्यानं जीव चालला माहा."

"चूप राह्य," मी म्हटलं. "नेम धरून राह्यली ते."