चौथ्या भागाचा ठोकळा

वाचनालयात तिला सगळे ठोकळेबाई म्हणत, आणि तेही तोंडावर. तिला त्याचं काही वाटत नसे. "नाव ठेवलंत ना? आता पुस्तकं तेवढी जागेवर ठेवा," असं म्हणून ती पुढच्या फळीकडे वळे.

कादंबऱ्यांच्या विभागात तिचं उभं आयुष्य गेलं. पूर्वी तिथं एकाच कादंबरीची ताटातूट झालेली असे. छापील प्रत दालनात, मोठ्या टायपातली जिन्याखाली, ऐकायच्या सीडी कपाटात कुलपाआड. नजर अधू झालेला माणूस जिन्याखाली धुंडाळता धुंडाळता वाचायचंच सोडून देई. ठोकळेबाईनं सगळ्यांना एकच क्रमांक दिला आणि छापील प्रतीच्या शेजारी पुस्तकाएवढा लाकडी ठोकळा उभा केला. ठोकळ्याच्या डोक्यावर एक खाच असेल तर ती गोष्ट मोठ्या टायपात आहे, दोन असतील तर ऐकायला आहे. ठोकळा तिच्या टेबलावर आणून द्यायचा आणि त्या बदल्यात पुस्तक नाहीतर सीडी न्यायची.

खाचांची युक्ती सुचली ती ताईमुळे. ताई म्हणजे थोरली बहीण. जन्मभर लोकांचे कपडे शिवून तिनं धाकटीला शिकवलं होतं. मधुमेहानं तिचे डोळे खात आणले. खाणीत राबणाऱ्या एका घराण्याची चार भागांची कादंबरी तिनं वाचायला धरली होती. पहिला भाग साध्या छापात वाचला, दुसरा मोठ्या टायपात, तिसरा नुसताच ऐकला. गोष्ट तीच, नजर मात्र भागागणिक उतरत गेली. तिसऱ्याच्या शेवटी धाकटा भाऊ ढासळलेल्या खाणीत थोरल्याला शोधायला उतरतो.

"तो वर येतो का गं?" जेवताना ताई हटकून विचारी.

"मीच सांगितलं तर ऐकशील काय मग?"

"येत असणार. नाहीतर चौथा भाग लिहायचा कशाला?"

ठोकळेबाईनं चौथा भाग छापील वाचला होता. ती ताईला आणखी वाढू लागे.

चौथ्याची सीडी मागवली तेव्हा नेहमीप्रमाणे तिनं ठोकळा आधीच लावून जागा धरून ठेवली. तेवढ्यात नवे ग्रंथपाल आले.

"बाई, सीडी लावायचं यंत्र आता आहे कुणाकडे? काढा सगळ्या, भंगारवाल्याला बोलावलंय. यापुढे सगळं मोबाईलवर."

"चौथा भाग आहे मोबाईलवर, सर?"

"मागवू की."

"'मागवू' नावाचा एक वेगळा वर्गच करते, सर. सगळ्यात जास्त पुस्तकं त्यातच बसतील."

सर मनापासून हसले. सीडी मात्र गेल्या, आणि मागवलेली रद्द झाली.

खोटं कशाला बोला, ठोकळेबाईला हायसं वाटलं. तो शेवट आता आपल्या हातून ताईपर्यंत जायला नको. ठोकळे तिनं तसेच राहू दिले आणि घरी "येतेय, येतेय" करत राहिली.

"तोवर तूच वाचून दाखव की," ताई एकदा म्हणाली.

"मी मोठ्यानं वाचते ते यादी तपासल्यासारखं वाटतं, असं कोण म्हणालं होतं?"

"तेही खरंच. राहू दे बाई. येऊ दे सीडी."

आणि एका दुपारी काठी टेकत ताई एकटीच वाचनालयात आली. फळी तिला पाठ होती. शिवणकाम केलेली तिची बोटं पुस्तकांच्या पाठींवरून सरकत गेली आणि थांबली.

"अगं, दोन खाचा! आलीय की! आणि मला पत्ता नाही?" ठोकळा छातीशी धरून ती टेबलापाशी आली. "दे बघू."

"ताई... सीडी नाहीये."

"कुणी नेलीय?"

"आलीच नाही. येणारही नाही. होत्या नव्हत्या त्या सगळ्या भंगारात गेल्या."

ताईचा अंगठा खाचांवरून फिरत राहिला. "मग हे काय आहे?"

"काढवलं नाही मला."

"डोळे दगा देतात गं, त्याची सवय झाली मला. पण माझ्या बोटांना तू फसवलंस. तू!"

ठोकळेबाईनं ठोकळा घ्यायला हात पुढे केला.

"काढ सगळे," ताई म्हणाली. "माझ्यासारखं आणखी कुणीतरी चाचपडत येईल."

ठोकळेबाई दोन खाचांचा एकेक ठोकळा उपसून खोक्यात टाकू लागली. बाकावर बसून ताई लाकडावर लाकूड आपटल्याचा प्रत्येक आवाज ऐकत होती. फळ्यांवर पडलेल्या फटींत पुस्तकं एकमेकांच्या अंगावर कलंडली.

"वा बाई, जागा झाली!" सर दारातून डोकावून म्हणाले.

मग छापील चौथा भाग घेऊन ठोकळेबाई बाकावर येऊन बसली. ताईनं आपला ठोकळा काही सोडला नव्हता.

"तो वर येत नाही ना?"

ठोकळेबाईनं पहिलं पान उघडलं. "नाही."

"वाटलंच मला. सीडीला इतका उशीर होतो होय?" ताईनं ठोकळा मांडीवर आडवा ठेवला. "आता सावकाश वाच."