उजव्या सोंडेची ऑर्डर

पेणला आमचा गणपतींचा कारखाना. नव्वदचं दशक सरत आलं तेव्हा दादानं शाडूच्या गोण्यांशेजारी कॉम्प्युटर मांडला. त्यानं रोह्याच्या केमिकल कंपनीत चिकटावं, अशी बाबांची इच्छा. तरी बाबांनी एका सीझनची सवलत दिली. "नाय जमलं तर गुपचूप रोह्याची गाडी धरायची."

अमेरिकेतल्या एका ओळखीच्या माणसानं वेबसाइट काढली होती. तिथे लोक मूर्ती मागवणार, दादाचा प्रोग्राम फोनच्या तारेवरून वेबसाइटला विचारणार आणि आलेलं उत्तर सुटं करून दाखवणार: उंची, सोंड, उंदीर, पीतांबर. दादाचा थाट काय सांगावा! मी रंगकाम करायची, तर म्हणायचा, "तुझे ब्रश आता मोडीत काढ गो."

पहिल्याच ऑर्डरीत सोंड निघाली उजवीकडे. बाबांचे हात मातीतच थांबले. उजव्या सोंडेचं सोवळं कडक, पेणमध्येसुद्धा क्वचित कुणी मागे. "अमेरिकेत येवढं कोन पाळनार?"

"कॉम्प्युटर चुकत नाय, बाबा."

बाबांनी मातीचा गोळा बाजूला सारला. त्याचा अर्थ रोहा, हे आम्हा दोघांनाही कळलं. मी पडद्यापाशी गेले. उंदरापुढे लिहिलं होतं, पिवळा. पीतांबरापुढे काहीच नाही.

"दादा, पिवळा उंदीर कुठं पाहिलास रे? मुळात काय आलंय ते दाखव."

मुळात एकच लांब ओळ होती. प्रत्येक माहितीआधी तिचं नाव: उंची दीड फूट, उंदीर उजवीकडे, पीतांबर पिवळा. सोंडेचा उल्लेखच नाही. डावी सोंड आमच्याकडे कुणी बोलून दाखवत नाही, ती धरलेलीच असते. गिऱ्हाइकानं तो रकाना सोडला, वेबसाइटनं गाळला. दादाचा प्रोग्राम नावं न बघता ओळीनं उचलत गेला, म्हणून उंदराची बाजू सोंडेला चिकटली.

दादानं लगेच दुरुस्ती केली: आधी नाव वाचायचं, सोंड आली नाही तर डावी. बाबांनी सोंड डावीकडे वळवली आणि हात न धुताच म्हणाले, "रोह्याचं फुडच्या वर्षी बघू." मला रडूच आलं.

रोहा टळला तो कायमचाच. त्याच कॉम्प्युटरनं दादाला मग अमेरिकेला नेलं. बाबा गेले, कारखाना मी बघते. दरवर्षी दादाची ऑर्डर वेबसाइटवरूनच येते, सोंड न सांगता. त्या दिवशी हटकून वाटतं, तेव्हा मी पडद्यापाशी गेले नसते तर बरं झालं असतं. रोह्याहून तो रोज घरी जेवायला आला असता.