आधी हिला लावा

"आधी हिला लावा, डॉक्टर. हिला काय न्हाय झालं तर मग आमच्या पोरीला लावा."

असं म्हणून दवाखान्यात आलेल्या बड्या घरच्या वहिनीसाहेबांनी माझ्याकडं बोट केलं. नाव न्हाय, बाई न्हाय, पोरी न्हाय. हिला. मी दारात टॉवेल घेऊन उभी होते. आत खुर्चीवर त्यांची लेक डोळे मिटून पडलेली. लग्न महिन्यावर आलेलं. गोरीपान पोरगी, गालावर मुरमाचे थोडे डाग, आणि तेवढ्यापायी सगळं घर हवालदिल झालेलं.

डॉक्टर औषधाची बाटली उघडत हसले. "लावूया की. ये गं इकडं."

मी रोजच्यागत उजव्या हाताची बाही वर सारली.

"हातावर नको," वहिनीसाहेब म्हणाल्या. "आमच्या पोरीच्या तोंडाला लावायचंय न्हवं? मग हिच्या बी तोंडालाच लावून बघा की."

डॉक्टरांनी माझी हनुवटी धरली आणि तोंड उजेडाकडं वळवलं. जनावरांच्या बाजारात म्हशीचं वळवतात तसं. मला कुणी विचारलं न्हाय. चालंल का गं, एवढं बी न्हाय.

ही राजारामपुरीतली गोष्ट. दोन हजार साल उलटून काही वर्षं झालेली. कोल्हापुरात तवा कातडीच्या दवाखान्यांचं पेवच फुटलेलं. एका गल्लीत क्लासला जाणारी पोरं, दुसऱ्या गल्लीत गोरं व्हायला आलेल्या बायका. मी कुरुंदवाडची. बौद्ध. बारावी झालेली. सकाळच्या एसटीनं यायची, काउंटरवर बसायची, आणि गर्दी झाली की आत डॉक्टरांच्या हाताखाली बी राबायची.

आलेली बाई पहिल्यांदा माझ्यापाशी बसायची. प्रश्न ठरलेले. दुखतंय का? भाजतंय का? किती वेळा यायला लागतंय? उन्हात गेलं तर चालतंय का? सोडून दिलं की परत पहिल्यागत काळं हुतंय का? आणि सगळ्यात शेवटी, इकडंतिकडं बघून, आवाज खाली आणून: डाग तर पडणार न्हाय न्हवं?

मला हे काम आवडायचं, खोटं कशाला बोलू. मोठमोठ्या घरच्या बायका माझं ऐकायच्या. नवऱ्याला जे सांगत नव्हत्या ते मला सांगायच्या. मग मधीच एखादीला आठवायचं. "गाव कुठलं गं? आडनाव काय?" मी आडनाव सांगायची. "असं व्हय," म्हणायची आणि शेजारी ठेवलेली पर्स उचलून मांडीवर घ्यायची.

नवं औषध तोंडाला लावायच्या आधी थोडं कानामागं लावायचं आणि दोन दिवस थांबायचं, असा नियम. ज्याची कातडी त्याच्याच कानामागं. पण लग्नघरच्या बायकांना थांबायला सवड कुठली? एकदा एक बाई लई भ्यायली. "आधी कुणाला तरी लावून दाखवा की हो," म्हणाली. डॉक्टरांनी माझा हात पुढं ओढला, बाटलीतलं औषध चोपडलं आणि म्हणाले, "बघा. काय झालं का हिला?" बाई खूश. तिथनं रीतच पडली. नवीन बाटली आली की माझी बाही वर. बायका वाकून माझा हात बघायच्या, बोटानं दाबून बघायच्या. वर मी हसून सांगायचं, मुंगी चावल्यागत वाटतंय बघा, बाकी काय न्हाय. कोपरापस्नं मनगटापर्यंत माझ्या हातावर चट्टे उठले. घरी मी पूर्ण बाहीचे ड्रेस घालायला लागले.

एकदा मी डॉक्टरांना विचारलंतं, "माझ्या हाताला काय झालं न्हाय म्हणजे त्यांच्या तोंडाला बी काय हुणार न्हाय, असं असतंय का हो?"

डॉक्टर खो खो हसले. "अगं येडे, एकाच्या कातडीवरनं दुसऱ्याचं काय कळतंय? पण गिऱ्हाइकाचं समाधान हुतंय की."

मी बी हसले. मालक हसला की आपण हसायचं, एवढं न शिकवता येतंय आपल्याला.

त्या दिवशी मात्र औषध गालाला लागलं आणि हसू कुठल्या कुठं गेलं. लवंगी मिरचीचा ठेचा गालावर थापावा अशी आग. डोळ्यातनं पाणी. डॉक्टर घड्याळाकडं बघत उभे.

"काय वाटतंय गं?" वहिनीसाहेबांनी विचारलं.

"जळतंय," मी म्हणले. "पुसा, डॉक्टर. लई जळतंय."

"नाटकं करतीया. ह्यांची कातडी राठ असती, ऊनवारं खाल्लेली. हिला काय हुतंय?"

डॉक्टरांनी पुसलं. पण वहिनीसाहेबांचं बोलून झाल्यावर पुसलं. तवर त्या पोरीनं एक डोळा उघडून माझं तोंड बघितलं आणि ताडकन उठून बसली. "मला न्हाय करायचं, मम्मी." चपला घालून दोघी निघाल्या. जिन्यावरनं वहिनीसाहेबांचा आवाज वर आला, "बरं झालं बाई, आधी हिला लावलं ते."

बरं झालं! माझा गाल फुगून डोळा झाकायला लागलाता आणि ह्यांचं बरं झालं.

चार दिवसांनी खपली निघाली. खाली काळा डाग, कानापस्नं ओठाच्या कोपऱ्यापर्यंत. आई डोक्याला हात लावून बसली. "आता तुला कोण करून घेणार गं?" म्हणून रडली. वडलांना आम्ही आबा म्हणतो. आबा लोकांच्या शेतात राबून म्हातारे झालेले. त्यांनी माझा हात हातात घेतला, बाही वर केली आणि सगळे चट्टे बघितले. त्यांना ठाऊकच नव्हतं.

मग म्हणाले, "मी बी नदीत उतरायचो, तुला सांगितलंय का?"

सांगितलं नव्हतं.

"पूर वसरला की मालकाची गाडी पल्याडच्या मळ्यात न्यायची असायची. पाण्यात गाळ किती, खड्डा कुठं, कुणाला ठावं नसायचं. मालक म्हणायचं, 'तू हो पुढं.' मी छातीएवढ्या पाण्यात शिरायचो. मागनं बैलगाडी. मला वाटायचं, आपल्याला नदी कळती म्हणून आपल्याला धाडत्यात. लई फुगायचो मी. घरी येऊन तुझ्या आईला सांगायचो, माझ्याबिगार त्यांचं पान हालत न्हाय म्हणून. एकदा बैल बिथरला आणि माझ्याआधी पाण्यात घुसाय लागला. तसं मालक वरडलं, 'आरं बैल धरा, बैल! आधी गड्याला जाऊ दे!' त्या दिशी कळलं. बैल बुडाला असता तर त्यांचं नुकसान हुतं. माझं काय?"

"मग तुम्ही काय केलंसा?"

"काय न्हाय. दुसऱ्या दिशी परत उतरलो." आबा माझ्या गालाकडं बघत होते. "तू नगं उतरू."

आमच्या आज्ज्यानं छप्पन सालानंतर धर्म बदलला. घरातले देव नदीत सोडले, मेलेलं ढोर ओढायचं सोडलं, गावकीची कामं सोडली. पण 'हो पुढं' म्हटलं की पाय पाण्यात जायचे ते काय सुटलं नव्हतं. आज्ज्याचं, आबाचं आणि बारावी झालेल्या माझं बी. मला संताप आला. डॉक्टरांचा आला, वहिनीसाहेबांचा आला, आणि हसून मुंगी चावल्यागत म्हणणाऱ्या माझ्या तोंडाचा सगळ्यात जास्त आला.

सोमवारी दवाखान्यात गेले. डॉक्टरांनी माझ्या हातात डाग झाकायच्या रंगाची एक ट्यूब ठेवली. "हे थापून घे तोंडाला. आणि थोडे दिवस आतच बस, काउंटरवर नको. लोक बघतील."

मी ट्यूब ड्रॉवरमध्ये टाकली आणि काउंटरवर बसले. केस मागं बांधलेले. गाल उघडा.

बायकांनी बाकडी भरलेली. पहिलीच बाई पुढं आली. दुखतंय का, किती वेळा यायला लागतंय, सगळं विचारून झालं. मग आवाज खाली आला, "डाग तर पडणार न्हाय न्हवं?"

"पडू शकतोय," मी म्हणले आणि गाल पुढं केला. "हा बघा. हितंच पडलाय. दुसऱ्याच्या पोरीचं औषध मला न विचारता माझ्या तोंडाला लावलं."

मी आवाज खाली आणला न्हाय. बाकड्यावरच्या बायका माना वर करून बघायला लागल्या. डॉक्टर बाहेर आले, मला आत बोलावलं, दार लावलं. आधी चिडले. मग एकदम गोड झाले.

"अगं, कशाला मनाला लावून घेतीस? नवीन लेसर आलंय. फुकट करून देतो. डाग ठेवत न्हाय बघ. फक्त कुणापाशी बोलू नकोस."

"नवीन हाय व्हय?" मी विचारलं. "कुणावर करून बघितलंय?"

डॉक्टर टेबलावरचे कागद चाळायला लागले.

"मग आधी तुमच्या हाताला लावा, डॉक्टर. माझं समाधान हुईल."

त्यांचं तोंड तांबडंलाल झालं. "लई बोलायला लागलीस. चल, चालती हो!"

"चाललेच हाय की. हाकलायला कशाला लागतंय?"

पिशवी उचलली. जाता जाता बाकड्यावरच्या बायकांना सांगितलं, "औषध आधी आपल्याच कानामागं लावून घ्या. दोन दिवस थांबा. दुसरीचा हात बघून काय कळत न्हाय, हे ह्याच डॉक्टरांनी मला सांगितलंय." कुणी ऐकलं, कुणी मासिकात तोंड घातलं. मी जिना उतरले.

आता कुरुंदवाडात माझं दोन खुर्च्यांचं पार्लर हाय. गालावर डाग हाय. लग्न झालं, आईची काळजी फुकट गेली. पोरी येतात आणि तेच प्रश्न विचारतात. ताई, मी गोरी हुईन का? मी सांगती, न्हाय. आणि कशापायी व्हायचंय गं तुला, ते आधी सांग.

मागल्या महिन्यात एक मोठ्या घरची बाई आली. केसाला रंग लावायचाता. बरोबर त्यांच्याकडं भांडी घासणारी मावशी, आमच्याच वस्तीतली. रंगाची नवी पेटी बघून बाई म्हणाली, "मला सोसंल का गं हे? आधी हिला लावून बघ."

आणि मावशी आपणहून पदर खोचून हात पुढं करत होती. हसत होती.

मी मावशीचा हात धरून खाली केला. तिला खुर्चीत बसवलं आणि बाईसमोर उभी राहिले.

"हात तुमचा पुढं करा."

"अगं, तिला काय हुतंय?"

"तिला काय हुतंय ते तिला विचारायचं असतंय. तुम्ही विचारलं न्हाईसा. हात तुमचा करा, न्हायतर ते दार."

बाई माझ्या गालाकडं बघत राहिली. गिऱ्हाईक गेलं तर जाऊ दे. पार्लर बंद पडलं तर पडू दे. ज्याला पल्याड जायचंय त्यानं आधी आपला पाय पाण्यात घालावा. आमच्यातलं कुणी आता पुढं उतरणार न्हाय.