नळाचा दाब

"डाक्टर, आज नळाले दाब नाही."

माझ्या मेडिकलच्या काउंटरवर कोपर टेकून, आधी आजूबाजूला पाहून चाचा एवढंच बोलायचे. मी डॉक्टर नाही, गोळ्या विकणारा माणूस. पण ते त्यांनी कधी मानलं नाही. शेजारी उभ्या असलेल्या बाया लगेच ग्रामपंचायतीला नावं ठेवू लागायच्या. आमच्या देऊळघाटात नळ ही रोजचीच रड, त्यामुळे चाचांचा नळ कोणता, याचा कुणाला संशय आला नाही. लघवी हा शब्द बायामाणसांपुढे काढायचा नाही, हा त्यांचा कायदा होता.

आमच्याकडच्या जुन्या प्रवाशांनी चाचांना पाहिलं असेल. हयात एसटीच्या स्टिअरिंगमागे गेली. निवृत्तीनंतर प्रोस्टेटची गाठ वाढली आणि लघवीची वाट अडली. बुलढाण्याच्या डॉक्टरांनी अल्फा ब्लॉकर जातीची कॅप्सूल दिली, रात्री जेवणानंतर घ्यायची. मी समजावलं, की हिच्यानं गाठ लहान होत नाही, मूत्राशयाच्या तोंडाशी आवळलेला स्नायू तेवढा सैल पडतो.

"म्हणजे गाडी तशीच खटारा," चाचा म्हणाले, "फक्त ब्रेक ढिला होते."

तसंच समजा, म्हटलं. खाटेवरून झटक्यात उठू नका, चक्कर येईल, हेही सांगितलं होतं. ऐकतील ते चाचा कसले! एकदा भिंतीवर आदळले, मग अक्कल आली. पण कॅप्सूलनं धार सुधारली तसे ते ऑपरेशनचं नाव काढेनात. त्यांना भीती चाकूची नव्हती, ऑपरेशननंतर लघवीसाठी लावतात त्या थैलीची होती. "थैली लटकवून नमाजले कसा उभा राहू?" आजारात चालतं, असं मौलवींनी सांगूनही त्यांचं मन घेईना.

आणि एक दिवस त्यांची सून बाम घ्यायला आली. अब्बा लग्नाहून सर्दी घेऊन आलेत, म्हणाली. सकाळपासून एकच घोकताहेत, नळ बंद झाला, डाक्टरला सांग. घरात टाकी भरलेली आहे, तरी येरझाऱ्या घालताहेत. शेवटी तिनं नळ सोडणाऱ्याला बोलावून आणलं, तर त्याच्यावरच खेकसले. दुकानातल्या बाया हसल्या.

मी शटर ओढलं आणि पळालो.

चाचा खाटेच्या काठावर वाकून बसले होते. ओटीपोट टणक, फुगलेलं. सर्दीची गोळी घेतली का, विचारलं. लग्नात कुणीतरी दिली होती, दोनदा घेतली. नाक मोकळं करणाऱ्या त्या गोळीनं, कॅप्सूलनं सैल केलेलं सगळं पुन्हा आवळलं होतं. मला रागही आला आणि रडूही. रिक्षात घातलं, सूनही सोबत बसली. बुलढाण्याच्या रस्त्यावर प्रत्येक खड्ड्याला ते माझं मनगट दाबत होते. मूत्राशय असं तुंबून राहिलं तर किडनीवर जातं, हे मला ठाऊक होतं. त्यांना सांगायची हिंमत झाली नाही.

दवाखान्यात नर्सबाईंनी विचारलं, काय होतंय. चाचांनी सुनेकडे पाहिलं. "नळ..." म्हणाले आणि थांबले. नर्सबाईंना काही कळेना. मी तोंड उघडणार, तेवढ्यात त्यांनी डोळे मिटले.

"लघवी बंद हाय, बाई. सकाळपासून. मराले टेकलो मी."

सून तोंडावर ओढणी धरून उभी राहिली. सकाळपासून हा म्हातारा तिला काय सांगत होता, ते तिला आत्ता कळलं.

नळी घातली, थैली भरली. चाचा लहान मुलासारखे हुंदके देऊन रडले. डॉक्टर म्हणाले, मूत्राशय फार ताणलंय, आता ऑपरेशन टाळलं तर पुढचं माझ्या हातात नाही. ते होईपर्यंत नळी राहील.

चाचा घरी आले, पण अंगणाबाहेर पडेनात. ऑपरेशनचा विषय काढला की भिंतीकडे तोंड. मी थकलो, मौलवी थकले. सून काय बोलली, मला माहीत नाही, पण चाचा तयार झाले.

ऑपरेशन नीट झालं. तिथूनच मुलानं त्यांना आपल्या नोकरीच्या गावी नेलं, आणि वर्षभरात ते तिकडेच झोपेत गेले. मी त्यांना शेवटचं पाहिलं ते ऑपरेशनला निघाले त्या सकाळी, एसटीत चढताना. दारात गर्दी होती. चाचा थैली सदऱ्याखाली कोंबायला धडपडत होते. सुनेनं ती त्यांच्या हातातून काढून घेतली, सगळ्यांदेखत, आणि म्हणाली, "अब्बा, तुमी दांडा धरा. हे मी धरते."